जुनी हार्ड डिस्क काढून नवी एसएसडी बसवली, आता विंडोज सुरूच होत नाही

अक्षरजुळणी (मिरज)

नमस्कार मंडळी. माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, पावतीपुस्तकं, आणि सध्या दिवाळी अंकांची पानं. मुख्य संगणक असेंबल केलेला: सहाव्या पिढीचा आय५, १६ जीबी रॅम, विंडोज १०. आत दोन डिस्क होत्या. २४० जीबीच्या साटा (जुन्या जोडणीच्या) एसएसडीवर विंडोज आणि सगळी सॉफ्टवेअर, तर १ टीबीच्या जुन्या हार्ड डिस्कवर गिऱ्हाइकांच्या फाइली.

ती हार्ड डिस्क मधूनच टकटक आवाज करायला लागली आणि फाइल उघडताना संगणक अडकू लागला. म्हणून १ टीबीची एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची) एसएसडी आणली, क्लोनिंगच्या सॉफ्टवेअरने २४० जीबीच्या एसएसडीची नक्कल तिच्यावर घेतली. नक्कल पूर्ण झाल्याचा संदेश व्यवस्थित आला. मग संगणक बंद करून दोन्ही जुन्या डिस्क काढल्या.

आता चालू केलं की थेट बायोस (मदरबोर्डाच्या सेटिंगचा पडदा) उघडतं. बाहेर पडलं की पुन्हा बायोसच. नवी एसएसडी बायोसमध्ये नावानिशी दिसते, पण बूटच्या (कुठून सुरू करायचं त्याच्या) यादीत काहीच येत नाही.

इथला दुरुस्तीवाला म्हणतो, सगळं फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकू. ते मला परवडणारं नाही. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरची नोंदणी, त्याच्या हार्डवेअर लॉकचे ड्रायव्हर, प्रिंटरची रंगजुळणी, वर्षानुवर्षं बसवत आणलेले साचे, सगळं त्या सी ड्राइव्हवर आहे, आणि अंकाची पानं छपाईला जायची आहेत. फॉरमॅट न करता काही मार्ग आहे का?


बोरिवली_पश्चिम

आधी दोन गोष्टी तपासा. नवी एसएसडी खरोखर एनव्हीएमईच आहे ना? एम.२ आकाराच्या (थेट बोर्डावर बसणाऱ्या पट्टीसारख्या) साटा एसएसडीही मिळतात आणि दिसायला अगदी तशाच असतात. सोनेरी टोकाशी एकच खाच असेल तर बहुधा एनव्हीएमई, दोन खाचा असतील तर बहुधा साटा. दुसरं, बायोसमध्ये सीएसएम नावाची, जुन्या पद्धतीने सुरू करू देणारी सोय चालू आहे की बंद? एनव्हीएमईवरून सुरू व्हायला यूईएफआय ही नवी पद्धत लागते, जुन्या लेगसी पद्धतीत बहुतेक बोर्डांना ते जमत नाही.


अक्षरजुळणी

एकच खाच आहे. खोक्यावरही एनव्हीएमई छापलंय. सीएसएम बंद दिसतंय. मी त्याला हात लावलेला नाही.


वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

पेटी उघडली होती म्हणजे रॅमला धक्का लागला असेल. आमच्याकडे पावसाळ्यात हे नेहमीचं. रॅमची पट्टी काढा, तिची सोनेरी टोकं साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि दोन्ही बाजूंचा खटका वाजेपर्यंत दाबून बसवा.


रात्रपाळी (पुणे)

वाशिष्ठीकाठ, तुमचा उपाय खरा आहे, पण इथे लागू होत नाही. रॅम सैल असती तर पडदा काळा राहिला असता, बोर्डाने बीप दिले असते किंवा बोर्डावरचा रॅमचा छोटा दिवा पेटून राहिला असता. इथे बायोस नीट उघडतंय. म्हणजे प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले ठीक आहेत. डिस्कही बायोसला दिसतेय, म्हणजे बोर्डावरची तिची जागा आणि एसएसडीसुद्धा ठीक. उरतं एकच: त्या डिस्कवर विंडोज असेल, पण विंडोज सुरू करणाऱ्या फाइली नाहीत, किंवा बोर्डाला त्या सापडत नाहीत.

अक्षरजुळणी, एक सांगा. विंडोज आधी त्या टकटक करणाऱ्या हार्ड डिस्कवर होतं का? आणि २४० ची एसएसडी नंतर कधीतरी बसवून विंडोज तिच्यावर टाकलं होतं का, हार्ड डिस्क आत तशीच जोडलेली असताना?


अक्षरजुळणी

हो, बरोबर तसंच झालं होतं. संगणक घेतला तेव्हा एकटी हार्ड डिस्कच होती. नंतर इथल्याच एकाने एसएसडी बसवून दिली आणि विंडोज तिच्यावर टाकलं. पण याचा आताच्या भानगडीशी काय संबंध?


रात्रपाळी

सगळा संबंध तिथेच आहे.

यूईएफआय पद्धतीत बोर्ड सी ड्राइव्हकडे बघतच नाही. तो डिस्कवर ईएफआय सिस्टिम पार्टिशन नावाचा एक छोटा कप्पा शोधतो. साधारण १०० एमबीचा, फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला, आणि त्याला सी, डी असं अक्षर नसल्यामुळे माय कॉम्प्युटरमध्ये कधी न दिसणारा. विंडोज बूट मॅनेजर नावाची फाइल तिथे असते. बोर्ड तिला सुरू करतो आणि मग ती सी ड्राइव्हवरचं विंडोज सुरू करते.

आता विंडोज टाकताना संगणकाला दोन डिस्क जोडलेल्या असतील आणि त्यातल्या एकीवर हा कप्पा आधीपासूनच असेल, तर सेटअप बहुतेक वेळा नवा कप्पा करत नाही. जुन्याच कप्प्यात आपल्या फाइली टाकतो. तुमच्याकडे नेमकं हेच झालेलं असणार. विंडोज एसएसडीवर गेलं, पण ते सुरू करणाऱ्या फाइली जुन्या हार्ड डिस्कवरच राहिल्या. इतकी वर्षं दोन्ही डिस्क एकत्र होत्या म्हणून कुणाला कळलं नाही. क्लोनिंगच्या सॉफ्टवेअरने एसएसडीची नक्कल इमानदारीने केली. एसएसडीवर जे नव्हतंच ते नकलेत कुठून येणार?

मी ऑफिसांमधले संगणक सांभाळतो आणि डिस्क बदलल्यावर यंत्र उठत नाही अशा तक्रारींत हे दुखणं सर्रास भेटतं. म्हणून माझा आग्रह असतो: कुठलीही डिस्क काढण्याआधी विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि ईएफआय कप्पा कोणत्या डिस्कवर आहे ते डोळ्यांनी बघा. विंडोज कुठे आहे हे सगळे बघतात. सुरुवात कुठून होते हे फारसं कोणी बघत नाही.

खात्री करायला जुनी हार्ड डिस्क पुन्हा जोडता येईल, पण ती टकटक करतेय म्हणून मी ते करू नका म्हणेन. तिच्यावर गिऱ्हाइकांच्या फाइली आहेत. तिला विश्रांती द्या, तिचं नंतर बघू. कप्पा आहे की नाही ते नव्या डिस्कवरच बघता येईल.


लॅमिंग्टन_रोड

मी याच धंद्यात आहे आणि थोडं वेगळं मत मांडतो. नवी डिस्क आहे तर विंडोज नव्यानेच टाकावं. जुनी नक्कल म्हणजे जुना कचराही सोबत येतो. त्यात विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुरुस्त करून करून तेच जुनं चालवायचं का?


रात्रपाळी

घरच्या संगणकाला तुमचा सल्ला मीही देईन. पण यांचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, ती यादी साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे नव्याने टाकलं तरी १०च टाकायचं किंवा यंत्रच बदलायचं. यंत्र बदलायचा विचार दिवाळीनंतर निवांत करता येईल. आज अंकाची पानं अडली आहेत, आणि दुखणं त्या एका छोट्या कप्प्याचं आहे. त्यासाठी फॉन्टच्या नोंदण्या आणि रंगजुळणी घालवणं मला पटत नाही.


लॅमिंग्टन_रोड

हे मान्य. परवान्याचं सॉफ्टवेअर असलेल्या यंत्राला आम्हीही शक्यतो हात लावत नाही. अक्षरजुळणी, एक मात्र सांगतो: २४० ची जुनी एसएसडी पुसू नका. नवीन डिस्क नीट चालल्याची पक्की खात्री होईपर्यंत ती खणात ठेवा.


रात्रपाळी

अगदी बरोबर. आता कृती सांगतो. इथे कमांड देवनागरीत लिहितोय, तुम्ही त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करा. काही अडलं तर पुढे जाऊ नका, इथे विचारा.

दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून विंडोजचा पेनड्राइव्ह तयार करा. किमान ८ जीबीचा लागेल आणि त्यावर आधी असलेलं सगळं पुसलं जाईल. मिरजेतल्या यंत्रात नवी एनव्हीएमई सोडून दुसरी कुठलीही डिस्क जोडलेली नसावी. हे फार महत्त्वाचं, कारण पुढच्या कमांड चुकीच्या डिस्कवर चालल्या तर नुकसान कायमचं होतं.

पेनड्राइव्ह लावून बूट मेनू उघडा. पेनड्राइव्हचं नाव तिथे दोनदा दिसू शकतं. ज्याच्या पुढे यूईएफआय लिहिलंय तेच निवडा. भाषा विचारणारा पडदा आला की थांबा, इन्स्टॉलचं बटण दाबू नका. शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबा, काळी खिडकी उघडेल. तिच्यात:

डिस्कपार्ट
लिस्ट डिस्क
लिस्ट व्हॉल्यूम

या तिन्हीने काहीही बदलत नाही, फक्त यादी दिसते. तिचा मजकूर इथे लिहा. लिस्ट डिस्कच्या शेवटच्या, जीपीटीच्या (कप्पे नोंदवायच्या नव्या पद्धतीच्या) रकान्यात तारा आहे का तेवढं आवर्जून बघा.


अक्षरजुळणी

पेनड्राइव्ह केला. यादी अशी आली:

डिस्क ० : ९३१ जीबी, मोकळी ७०७ जीबी, जीपीटीखाली तारा आहे.
डिस्क १ : पेनड्राइव्ह, १४ जीबी.

व्हॉल्यूम : सी, फॅट३२, १४ जीबी, रिमूव्हेबल.
व्हॉल्यूम : डी, एनटीएफएस, २२३ जीबी, पार्टिशन.

फॅट३२चा दुसरा कप्पा कुठेही नाही. म्हणजे तुमचं निदान बरोबर निघालं. पण सी पेनड्राइव्हला आणि डी विंडोजला, असं उलटं का दिसतंय?


रात्रपाळी

यादी सुरेख लिहिलीत, काम सोपं झालं. अक्षरांची काळजी नको. पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर अक्षरं त्या वेळेपुरती नव्याने वाटली जातात. नेहमीच्या विंडोजमध्ये तुमचा सी पुन्हा सीच असेल. पण आत्ता कमांडमध्ये डी लिहावं लागणार, आणि बरेच लोक इथेच फसतात. सवयीने सी लिहितात, कमांड नकार देते, मग सगळंच बिघडलं असं समजून फॉरमॅटकडे वळतात.

दोन गोष्टी तुमच्या बाजूने आहेत. तारा आहे, म्हणजे डिस्क जीपीटी पद्धतीची आहे, यूईएफआयला तीच लागते. आणि ७०७ जीबी मोकळी आहे, त्यामुळे विंडोजचा कप्पा आक्रसायची गरज नाही.

आधी एक्झिट लिहून डिस्कपार्टमधून बाहेर या आणि 'डीआयआर डी:\' लिहून बघा. विंडोज, युजर्स, प्रोग्राम फाइल्स ही फोल्डरं दिसली तरच पुढे जा. मग:

डिस्कपार्ट
सिलेक्ट डिस्क ०
क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=३००
फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२ लेबल=सिस्टिम
असाइन लेटर=एस
एक्झिट
बीसीडीबूट डी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय

फॉरमॅट शब्द बघून घाबरू नका, तो नुकत्याच केलेल्या ३०० एमबीच्या कप्प्यालाच लागू होतो, कारण क्रिएटनंतर तोच निवडलेला असतो. मात्र क्लीन ही कमांड इंटरनेटवर कितीही ठिकाणी दिसली तरी इथे लिहायची नाही. ती अख्खी डिस्क रिकामी करते.

शेवटच्या ओळीनंतर बूट फाइली तयार झाल्याचा इंग्रजी संदेश यायला हवा. मग पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करा.


काळी_माती (लातूर)

मध्येच विचारतो. यूट्यूबवर सगळे बूटरेकच्या फिक्सएमबीआर, फिक्सबूट या कमांड चालवायला सांगतात. ते का नाही सांगितलं?


रात्रपाळी

फिक्सएमबीआर जुन्या, एमबीआर पद्धतीच्या डिस्कसाठी. जीपीटी डिस्कवर यूईएफआयला त्याचा उपयोग नाही. फिक्सबूट अशा यंत्रावर बरेचदा ॲक्सेस इज डिनाइड म्हणतं आणि माणूस तिथेच अडकतो. इथे कप्पाच अस्तित्वात नव्हता, मग दुरुस्त काय करणार? बीसीडीबूट विंडोजच्या फोल्डरमधून ताज्या फाइली घेऊन कप्पा भरतं आणि बोर्डाच्या स्मृतीत नोंदही करतं.


अक्षरजुळणी

झालं! संगणक सुरू झाला. पासवर्ड विचारला, माझा नेहमीचा डेस्कटॉप आला, फॉन्टचं सॉफ्टवेअर उघडलं, हार्डवेअर लॉक ओळखला, पानं जशीच्या तशी. बायोसच्या यादीत आता विंडोज बूट मॅनेजर आणि त्याच्यापुढे नव्या एसएसडीचं नाव दिसतंय. रात्रपाळी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. जीव भांड्यात पडला.

आता टकटक करणाऱ्या हार्ड डिस्ककडे वळायचंय. गिऱ्हाइकांच्या फाइली बऱ्याचशा दुसरीकडे आहेत, पण या वर्षीच्या सगळ्या नाहीत. तिच्यावर चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासायची सोय) चालवू का?


रात्रपाळी

फार बरं वाटलं वाचून.

चेकडिस्क अजिबात चालवू नका. तो डिस्क सुधारण्यासाठी तिला सगळीकडून वाचायला लावतो आणि मिळेल तिथे लिहितो. टकटक म्हणजे वाचणारा काटा जागा शोधताना पुन्हा पुन्हा चुकतोय. अशा डिस्कचं आयुष्य किती उरलंय ते सांगता येत नाही, म्हणून जे उरलंय ते फाइली काढण्यातच वापरायचं.

ती दुसऱ्या संगणकाला जोडा. आधी या वर्षीची फोल्डरं, तीही सर्वांत महत्त्वाची पहिली. एखादी फाइल अडकली तर तिच्यामागे बसू नका, ती सोडून पुढची घ्या. एकदम सगळं निवडून कॉपी लावलं की एका खराब फाइलपाशी सगळंच थांबतं.

लिनक्सची सवय असेल कुणाला तर डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी सहज वाचता येणारे भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवतं, काय राहिलं त्याची नोंद एका फाइलीत ठेवतं आणि अवघड भागांकडे शेवटी वळतं. मधेच बंद पडलं तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. आणि डिस्क ओळखलीच जात नसेल, किंवा त्या फाइलींवर कुणाची रोजीरोटी असेल, तर घरी प्रयोग न करता डेटा रिकव्हरीवाल्यांकडे द्या. डिस्क उघडून बघायचं तर मनातही आणू नका, धुळीचा एक कण आतल्या तबकडीला पुरतो.


द्राक्षबाग (नाशिक)

धागा चालू आहे म्हणून माझंही विचारते. अकराव्या पिढीचा लॅपटॉप आहे. ५१२ ची एसएसडी काढून १ टीबीची बसवली, नक्कल घेतलेलीच. विंडोजचं चिन्ह येतं, गोल फिरतं आणि मग निळ्या पडद्यावर इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस असं येतं. मलाही तोच कप्पा करावा लागेल का?


रात्रपाळी

नाही ताई, तुमचं वेगळं आहे. विंडोजचं चिन्ह आलं म्हणजे बूट मॅनेजर सापडला, तो चालला, विंडोज उठायलाही लागलं. आणि उठता उठता त्याला स्वतःचीच डिस्क दिसेनाशी झाली. याचं मोठं कारण म्हणजे बायोसमधली साठवणुकीची पद्धत बदलणं. लॅपटॉप उघडताना बॅटरी सोडवली होती का? किंवा बायोस डिफॉल्टला नेलं होतं का?


द्राक्षबाग

हो, बॅटरी सोडवली होती. आणि दिसत नाही म्हणून भावाने बायोसमध्ये लोड डिफॉल्ट्स केलं.


रात्रपाळी

मग बायोसमध्ये व्हीएमडी (इंटेलची डिस्क हाताळायची पद्धत) किंवा साटा मोड अशी नोंद शोधा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी असतं. नक्कल घेतली त्या वेळी ते बंद असेल आणि आता डिफॉल्टमुळे चालू झालं असेल, किंवा उलट, तर विंडोज ज्या ड्रायव्हरने सुरू व्हायला शिकलंय तो जुळत नाही. आत्ता आहे त्याच्या उलट करून बघा. सुरू झालं तर तसंच राहू द्या, काहीही बिघडत नाही.

कायमची पद्धत बदलायचीच असेल तर सुरू होणाऱ्या विंडोजमध्ये ॲडमिनच्या काळ्या खिडकीत 'बीसीडीएडिट /सेट सेफबूट मिनिमल' लिहा. रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, पद्धत बदला आणि सुरू होऊ द्या. सेफ मोडमध्ये विंडोज दुसरा ड्रायव्हर उचलतं. मग 'बीसीडीएडिट /डिलीटव्हॅल्यू सेफबूट' लिहून पुन्हा रीस्टार्ट.


सह्यकडा (ड्यूसेलडॉर्फ)

ताई, हे करण्याआधी बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजच्या डिस्कच्या कुलपाचं, बघा. आजकाल बऱ्याच लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, मालकाला पत्ताही नसतो. बायोसमध्ये असे बदल केले की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याच्या साइटवर डिव्हाइसेसमध्ये मिळते. फोनवरून आत्ताच बघून कागदावर उतरवून घ्या. ती की नसेल तर डिस्कवरचं काहीही कुणालाही वाचता येत नाही, दुकानदारालाही नाही. माझ्या इथल्या एका मित्राचे बाळाचे फोटो असेच गेले. म्हणून मी हे प्रत्येकाला सांगत असतो.


द्राक्षबाग

की खात्यात मिळाली, लिहून ठेवली. व्हीएमडी बंद केलं आणि लगेच सुरू झाला! निळ्या पडद्यावर की मागितली, दिली, पुढे सगळं जागेवर. सह्यकडा, तुमचा प्रतिसाद आला नसता तर त्या पडद्यापाशी मी घाबरून गेले असते.


पेंग्विनप्रेमी (ठाणे)

लिनक्सवाल्यांसाठी इथेच लिहून ठेवतो. उबुंटूच्या संगणकातून डेटाची जुनी डिस्क काढली की कधी कधी सुरुवात दीड मिनिट अडून राहते आणि शेवटी इमर्जन्सी मोड येतो. यंत्र ठणठणीत असतं. एफस्टॅब (कोणत्या डिस्क जोडायच्या त्यांच्या यादीच्या) फाइलीत काढलेल्या डिस्कचा यूयूआयडी (ओळखक्रमांक) तसाच राहिलेला असतो आणि सिस्टिम तिची वाट बघते. रूटने लॉगिन करून त्या ओळीच्या सुरुवातीला # टाका आणि रीबूट करा. काढघाल होणाऱ्या डिस्कच्या ओळीत पर्यायांच्या रकान्यात नोफेल लिहून ठेवलं की ती नसली तरी सिस्टिम सुरू होते. नव्या डिस्कचा यूयूआयडी बीएलकेआयडी कमांडने मिळतो.


अक्षरजुळणी

फाइली बऱ्याचशा निघाल्या, या वर्षीच्या तर सगळ्या. त्या ठेवायला नवीन ४ टीबीची हार्ड डिस्क आणली आणि जुन्याच केबलने जोडली. पण ती बायोसमध्येही दिसत नाही. फिरल्याचा बारीक आवाज येतोय, म्हणजे वीज मिळतेय.


बोरिवली_पश्चिम

केबल बोर्डावर कुठल्या साटा पोर्टला आहे? काही बोर्डांवर एम.२ एसएसडीची जागा आणि एखादं दुसरं साटा पोर्ट एकाच वाटेवर असतात. त्या जागी एसएसडी बसली की ते पोर्ट मुकं होतं. बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत साटाच्या पानावर हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पहिल्या किंवा दुसऱ्या पोर्टला जोडून बघा.


अक्षरजुळणी

दुसऱ्या पोर्टला जोडली आणि दिसली.


बोरिवली_पश्चिम

छान. डिस्क मॅनेजमेंटने एमबीआर की जीपीटी विचारलं तर जीपीटीच निवडा. एमबीआरमध्ये साधारण २ टीबीच्या पुढची जागा वापरता येणार नाही.


फळा_खडू (गडहिंग्लज)

मी एका शाळेत संगणक शिकवते. आमच्या संगणक खोलीतल्या जुन्या यंत्रांच्या हार्ड डिस्क काढून उन्हाळ्यात एसएसडी बसवल्या. मुलांना फरक लगेच जाणवला. पण आता सोमवारी सकाळी काही यंत्रं सुरू होत नाहीत, रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस असं म्हणतात. बायोसमध्ये जाऊन काहीतरी बदललं की चालतात आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. वर्गाची वेळ जाते. एसएसडी निकृष्ट निघाल्या का?


रात्रपाळी

बाई, एसएसडीला दोष देण्याआधी एक बघा. सोमवारी बायोसमध्ये तारीख काय दिसते?


फळा_खडू

आत्ताच बघितलं. एकात १ जानेवारी २०१२. दुसऱ्यातही जानेवारीच.


रात्रपाळी

मग बोर्डावरचा सेल संपलाय. शनिवार-रविवार खोलीची वीज मुख्य बटणापासून बंद होत असणार. त्या काळात बायोसच्या सेटिंग या सेलवर टिकतात. तो संपला की तारीख मागे जाते आणि सगळी सेटिंग कारखान्यातल्या अवस्थेत येतात. बूटचा क्रम, लेगसी की यूईएफआय, साटाची पद्धत, सगळं. विंडोज एका पद्धतीत टाकलेलं आणि बोर्ड दुसऱ्या पद्धतीत शोधतोय, म्हणून डिस्क असून सापडत नाही.

सेलचा नंबर सीआर२०३२, ३ व्होल्टचा, चपटा. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. यंत्राची वायर काढून, बाजूची खिट्टी हलकेच दाबून जुना काढा, नवा + ची बाजू वर ठेवून बसवा. मग चालू होणाऱ्या एखाद्या यंत्राच्या बायोसमधली बूट मोड आणि साटा मोडची पानं फोनमध्ये टिपून घ्या. त्याच मॉडेलच्या बाकीच्यांत तेच भरा. तारीख दुरुस्त करायला विसरू नका, ती चुकीची असली की ब्राउझर सुरक्षित साइटही उघडू देत नाही.


फळा_खडू

ते साइट न उघडणं आम्हाला इंटरनेटचा दोष वाटत होता! उद्याच सेल मागवते. ज्या यंत्रांची तारीख अजून बरोबर आहे त्यांचेही बदलू का?


रात्रपाळी

सगळी एकाच वर्षी घेतलेली असतील तर हो, सगळ्यांचेच बदला. बदललेल्या यंत्राच्या पेटीवर आतल्या बाजूने तारखेची पट्टी चिकटवा, पुढे जो कोणी उघडेल त्याला उपयोगी पडेल.